शामोनीची बर्फाची गुहा

हिमालयाची यात्रा करून आलेल्या माणसाजवळ गंगोत्रीचा विषय निघाला, कीं गोमुखाचें नांव ओघानेंच येतें. डोंगराएवढ्या बर्फाच्या पायथ्याशीं एक काळोखी कमान. तिच्या पोटांतून गढूळ, दुधट पाण्याचा लोट गर्जत बाहेर पडतो, आणि तेथून पुढें त्याला भागीरथी म्हणतात. १८१७ सालीं हॉजसन नांवाचा इंग्रज मोजणी-अधिकारी तेथें पोहोंचला, तेव्हां त्यानेंहि गंगेला अशाच एका बर्फाच्या कमानींतून बाहेर येतांना पाहिलें. हिमनदी जेथें संपते तेथें तिच्या तळाचें पाणी वाट काढून बाहेर येतें आणि त्या वाटेची गुहा बनते. ज्या ज्या देशांत हिमनद्या आहेत तेथें तेथें अशीं हिममुखें आढळतात. परंतु त्यांकडे पाहण्याची माणसाची दृष्टि सर्वत्र सारखी नाहीं. भारतीय मनानें तेथें तीर्थ पाहिलें. युरोपांतील आल्प्स पर्वताच्या रहिवाशांनीं मात्र तेथें प्रथम संकट पाहिलें, पुढें कौतुकाची वस्तु पाहिली, मग चरितार्थाचें साधन पाहिलें. आणि आज त्यांना तेथें स्वतःच्या काळाचें मोजमाप दिसत आहे. हा चार अवस्थांचा इतिहास ज्या एका ठिकाणीं अगदीं स्पष्टपणें वाचतां येतो, तें ठिकाण म्हणजे फ्रान्समधील शामोनीची दरी.

माँ ब्लाँ हें पश्चिम युरोपांतील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची पावणेसोळा हजार फुटांच्या घरांत आहे. त्याच्या पायथ्याशीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,४०० फुटांवर, शामोनीची अरुंद दरी पसरली आहे. या पर्वतसमूहांतून ज्या हिमनद्या खालीं उतरतात, त्यांतील सर्वांत मोठीला ‘मेर द ग्लास’, म्हणजे हिमसागर, असें नांव आहे. तिची लांबी सुमारें ७ मैल भरते. तिच्या मुखांतून निघणारी नदी ती आर्व्हेरों. आज ही हिमनदी दरीच्या वर, कड्यांच्या आड, पार मागें सरलेली आहे, आणि शामोनीच्या रस्त्यावरून ती दृष्टीसहि पडत नाहीं. परंतु चारशें वर्षांपूर्वीं तिची जीभ थेट दरीच्या तळापर्यंत आली होती, आणि गोष्टीला आरंभ होतो तो तेथूनच.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत थंडीचा एक दीर्घ काळ सुरू झाला. आल्प्समधील हिमनद्या फुगूं लागल्या व पुढें सरकूं लागल्या. शामोनीची दरी त्या वेळीं सॅव्हॉयच्या ड्यूकच्या राज्यांत होती. वस्ती गरीब शेतकऱ्यांची. ओट, बार्ली, थोडीं गुरें आणि उन्हाळ्यांतलें गवत एवढेंच त्यांचें धन. त्या धनावर बर्फ चालून आला. ले ब्वा, शातलार या वाड्यांच्या शेतांवर हिमनदीचे दगडगोटे येऊन पडले. आर्व्हेरों नदीला पूर येऊन उरलेली माती वाहून गेली. १६१६ सालीं सरकारी पाहणी झाली, तेव्हां शातलारमध्यें मोजकींच घरें उभीं होतीं, आणि त्यांतलींहि बहुतेक ओसाड पडलीं होतीं. जमीन गेली तरी सारा चुकत नव्हता. म्हणून या लोकांच्या हकीकती आज आपणांस कळतात त्या मुख्यतः साऱ्याची सूट मागणाऱ्या अर्जांतून. इतिहासाला गरिबांचा आवाज बहुधा अशाच कागदांतून ऐकूं येतो.

अर्जानें बर्फ थांबत नाहीं, हें कळल्यावर लोकांनीं धर्माचा आश्रय केला. १६४४ सालच्या वसंत ऋतूंत गांवचे प्रमुख जिनीव्हाचे सह-बिशप शार्ल-ओग्युस्त द साल यांच्याकडे गेले. हिमनदी दररोज बंदुकीच्या गोळीच्या टप्प्याइतकी पुढें येते, ऐन ऑगस्टांतहि थांबत नाहीं, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. या मापांत अतिशयोक्ति उघड आहे. पण भीति मोजण्याची मापें निराळीं असतात. बिशप स्वतः आले. जून महिन्यांत सुमारें तीनशें माणसांची मिरवणूक ले ब्वा गांवाकडे निघाली. गांवावर येऊन टेकलेल्या त्या निळसर भिंतीसमोर बिशपनीं मंत्र म्हटले, पवित्र जल शिंपडलें आणि बर्फाला आशीर्वाद दिला. दरींतील इतर हिमनद्यांपाशींहि हाच विधि झाला. त्यानंतर १६६३ पर्यंत हिमनद्या हळूहळू मागें सरल्या. मात्र सोडलेलीं शेतें नापीक झालीं होतीं. बर्फ गेला, पण गवत परतलें नाहीं.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं या दरींत निराळ्याच प्रकारचे पाहुणे आले. १७४१ सालीं विल्यम विंडहॅम व रिचर्ड पोकॉक हे दोन इंग्रज आपल्या मित्रांसह जिनीव्हाहून शामोनीस पोहोंचले. पोकॉक हा इजिप्त व पूर्वेकडील देश पाहून आलेला प्रवासी. विंडहॅम शरीरानें दणकट व स्वभावानें धाडसी. डोंगरांत काय भेटेल याचा नेम नसल्यामुळें मंडळी शस्त्रें घेऊन आली होती. त्यांना शस्त्रांचें काम पडलें नाहीं. काम पडलें तें वाटाड्यांचें. स्फटिक शोधणारे आणि डोंगरी बकऱ्यांची शिकार करणारे गांवकरी त्यांना मोंतांव्हेर नांवाच्या उंच कुरणापर्यंत घेऊन गेले आणि तेथून खालीं बर्फावर उतरवून परत घेऊन आले. हे शहरी लोक वरपर्यंत चढतील, यावर गांवकऱ्यांचा आधीं विश्वासच बसत नव्हता. १७४४ सालीं विंडहॅमचें प्रवासवर्णन लंडनमध्यें छापून निघालें. वाऱ्यानें खवळलेलें सरोवर एका क्षणांत गोठावें तसें तें दृश्य आहे, अशी कांहींशी उपमा त्यानें दिली होती. ‘हिमसागर’ या नांवाचें मूळ तेथेंच आहे. ज्या वस्तूला गांवकरी शाप समजत होते, तिला पाहुण्यांनीं काव्यमय नांव दिलें, आणि पुढें गांवानेंहि तेंच नांव स्वीकारलें.

पुढील साठ-सत्तर वर्षांत शामोनीला येणें हा युरोपांतील शिक्षितांचा एक शिरस्ताच झाला. जिनीव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर हा १७६० सालीं प्रथम येथें आला आणि माँ ब्लाँवर चढण्याचा मार्ग शोधणारास त्यानें बक्षीस जाहीर केलें. २६ वर्षांनंतर, ८ ऑगस्ट १७८६ रोजीं, शामोनीचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधणारा बाल्मा हे दोघे शिखरावर पोहोंचले. परंतु शिखर हें थोड्यांचें. सामान्य प्रवाशांसाठीं दोनच यात्रा होत्या: एक मोंतांव्हेरवर जाऊन हिमसागर पाहणें, आणि दुसरी ले ब्वाजवळ जाऊन आर्व्हेरोंचा उगम पाहणें.

हा उगम म्हणजेच शामोनीची पहिली प्रसिद्ध हिमगुहा. ती कोणीं खोदलेली नव्हती. उन्हाळ्यांत पाण्याच्या जोरानें हिमनदीच्या पायथ्याशीं देवळाच्या महाद्वारासारखी उंच कमान तयार होई. आंत निळ्या काचेसारख्या भिंती, वरून ठिबकणारें पाणी, आणि तळाशीं फेसाळणारी नदी. प्रवासी दाराशीं उभे राहून चित्रें काढीत. टर्नर हा थोर इंग्रज चित्रकार १८०२ सालीं येथें आला आणि या उगमाचें चित्र त्यानें रंगविलें. १८१६ सालीं कवि शेली आणि मेरी शेली यांनीं ही जागा व हिमसागर पाहिला. दोन वर्षांनीं मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली; तींतील शास्त्रज्ञ आणि त्यानें निर्माण केलेला राक्षस यांची भेट तिनें याच हिमसागरावर घडविली आहे.

वाटाडे मात्र या कमानीखालीं फार वेळ थांबूं देत नसत. बर्फाची कमान ही दगडाची नव्हे. ती दिवसाच्या उन्हानें सैल होते, आणि केव्हां कोसळेल हें सांगतां येत नाहीं. कांहीं हौशी प्रवासी प्रतिध्वनि ऐकण्यासाठीं आंत पिस्तूल झाडीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच एका प्रसंगीं बर्फ कोसळून प्राणहानि झाली, आणि त्यानंतर प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून या खेळाविरुद्ध इशारे छापूं लागले. वाटाड्याचें खरें काम वाट दाखविण्याचें असतें, ही समजूत अपुरी आहे. कोठें जाऊं नये आणि केव्हां परत फिरावें हें सांगणें, हें त्याचें अधिक अवघड काम होय.

हें काम किती महाग पडूं शकतें, याचा धडा १८२० सालीं मिळाला. त्या वर्षीं २० ऑगस्टला रशियाच्या झारच्या सेवेंतील डॉक्टर हामेल हा माँ ब्लाँवर चढत असतां ताज्या हिमाचा थर पायांखालून घसरला, आणि पियेर बाल्मा, पियेर कारिए व ओग्युस्त तेराझ हे तीन वाटाडे एका खोल भेगेंत गाडले गेले. त्यांचीं प्रेतें काढणेंहि शक्य झालें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८२१ मध्यें, शामोनीच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापन केला. प्रवाशांना नेण्याचें काम पाळीपाळीनें सर्वांना मिळावें, आणि अपघातांत सांपडलेल्यांच्या कुटुंबांना मदत मिळावी, हे त्याचे हेतु होते. अशा प्रकारचा जगांतील हा सर्वांत जुना संघ आजहि चालू आहे.

त्या तीन वाटाड्यांची कथा येथें संपली नाहीं. १८४२ सालीं जेम्स फोर्ब्झ या स्कॉटिश शास्त्रज्ञानें ओग्युस्त बाल्मा या वाटाड्याला बरोबर घेऊन हिमसागरावर दुर्बिणीच्या यंत्रानें मोजमापें घेतलीं. बर्फ रात्रंदिवस वाहतो, कडेपेक्षां मध्यभागीं अधिक वेगानें वाहतो, म्हणजे नदीसारखाच वागतो, हें त्यानें सिद्ध केलें. मग गाडलेल्या माणसांनाहि ही नदी केव्हां तरी खालीं आणून सोडणार, हें ओघानेंच आलें. अपघातापासून सुमारें चाळीस वर्षांनीं तें घडेल, असा हिशेब फोर्ब्झनें मांडला. १८६१ सालीं, म्हणजे एकेचाळीस वर्षांनीं, दरीजवळच्या बॉसों हिमनदीच्या खालच्या टोकाशीं मानवी अवशेष, कपड्यांच्या चिंध्या आणि चढाईचीं साधनें बाहेर पडूं लागलीं. त्या अपघातांतून वांचलेला एक वाटाड्या तेव्हां हयात होता. तो आतां म्हातारा झाला होता. बर्फांतून परतलेले त्याचे सोबती मात्र तरुणच होते. त्यानें ते अवशेष ओळखले. शास्त्राचा हिशेब बरोबर ठरला. पण तो कोणाच्या देहांनीं बरोबर ठरला, हें शामोनींत कोणीं विसरलें नाहीं.

या मधल्या काळांत बर्फानें गांवाकडे पुन्हां एकदां झेंप घेतली होती. १८२०च्या सुमारास आणि परत १८५०च्या सुमारास हिमनदी ले ब्वाच्या घरांच्या अगदीं जवळ येऊन ठेपली. लोकांना आजोबा-पणजोबांच्या गोष्टी आठवल्या. पण ती तिची शेवटची चढाई ठरली. त्यानंतर ती मागें सरूं लागली, आणि १६६३च्या वेळेप्रमाणें पुन्हां पुढें आली नाहीं. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वीं दरींतील तिची जीभ आटली, ज्या निळ्या महाद्वाराचीं चित्रें काढण्यासाठीं युरोप लोटत होता तें नाहींसें झालें, आणि आर्व्हेरोंचा उगम वर कड्यांच्या घळींत गेला.

दार नाहींसें झालें, तरी तें पाहण्याची इच्छा राहिली. आणि त्या इच्छेवर पोट भरणारीं घरेंहि राहिलीं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत माणसानें स्वतःच बर्फांत गुहा खोदण्यास आरंभ केला. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्यें ऱ्होन नदीच्या हिमनदींतहि १८७०च्या सुमारास हीच प्रथा सुरू झाली. पुढें मोंतांव्हेरपर्यंत दांत्यांच्या रुळांवर चालणारी आगगाडी आली. १९०९ सालीं ती ६,२७५ फुटांवरील त्या कुरणापर्यंत पोहोंचली. खेंचरवाल्यांनीं आणि वाटाड्यांनीं तिला कडाडून विरोध केला होता. आपली भाकरी ही गाडी खाणार, अशी त्यांची भीति होती. खेंचरांच्या बाबतींत ती खरी ठरली. परंतु गाडीनें पूर्वीं कधीं डोंगर न चढलेलीं हजारों माणसें वर आणिलीं, आणि त्यांना बर्फाच्या आंत नेण्याचा नवा उद्योग वाढीला लागला. १९४६ पासून हिमसागरांत दरवर्षीं अशी गुहा खोदण्याची परंपरा चालू आहे.

‘दरवर्षीं’ या शब्दांत या उद्योगाचें सारें मर्म आहे. दगडांत कोरलेलें लेणें दोन हजार वर्षें टिकतें. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला हें सांगावयास नको. बर्फांत कोरलेलें लेणें एक वर्षहि धड टिकत नाहीं. ज्या भिंतींत तें खोदलें ती भिंतच चालत असते. छत दबतें, बाजू आंत येतात, दार खालच्या बाजूस सरकून जातें, आणि पुढच्या वर्षीं कारागिरांना नव्या जागीं पुन्हां पहिल्यापासून खोदावें लागतें. आंतील दृश्य मात्र कष्टाचें चीज करणारें असतें. वर्षानुवर्षांच्या दाबानें हिमांतील हवा पिळून निघाल्यामुळें हा बर्फ पांढरा राहत नाहीं. प्रकाशांतील तांबडा अंश तो शोषून घेतो आणि निळा पुढें जाऊं देतो. त्यामुळें भिंतींत जणूं कोणी मागून निळा दिवा धरला आहे असा भास होतो. मधूनच धुळीचे काळे पट्टे आणि अडकलेले दगड दिसतात. खोल्या कोरून त्यांत बर्फाचींच आसनें व मेजें मांडलेलीं असतात. मुलें त्यांवर बसून पाहतात आणि लगेच उठतात.

परंतु आजच्या प्रवाशाच्या मनावर गुहेपेक्षां गुहेची वाटच अधिक खोल परिणाम करते. १९८८ सालीं मोंतांव्हेर स्थानकापासून बर्फापर्यंत उतरण्यासाठीं तारेवरून जाणारे पाळणे बसविले. त्या वेळीं पाळण्यांतून उतरल्यावर तीन पायऱ्या उतरल्या, कीं पाय बर्फाला लागत. पुढें हिमनदीची पातळी खालीं जाऊं लागली. मोजक्या पायऱ्या वाढविल्या, मग आणखी, मग दरवर्षींच. कड्याला लटकलेला लोखंडी जिना लांबत गेला, आणि पस्तीस वर्षांच्या आंत पायऱ्यांची संख्या पांचशेंच्या वर गेली. जिन्याच्या बाजूला खडकावर सालांच्या पाट्या होत्या: कोठें १९९०, कोठें २००१, कोठें २०१०. त्या त्या सालीं बर्फाचा पृष्ठभाग त्या त्या पाटीपाशीं होता. १९९०ची पाटी गेली, कीं प्रवाशाला वाटे, आतां आलेंच. आणि तेथून खालीं पाहिलें, कीं गुहेचें तोंड अजून दूर, उघड्या राखी दगडांच्या खोल घळींत दिसे. उतरणें एका बाजूचें झालें. परत वर चढतांना वृद्ध माणसें प्रत्येक पाटीपाशीं थांबत, आणि थांबल्यामुळें ती वाचणें त्यांना भागच पडे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोंतांव्हेरखालीं हिमसागराची जाडी पांचशें फुटांच्या आसपास कमी झाली आहे. पृथ्वीवरील हवा तापत आहे, आणि तिचें मुख्य कारण माणसानें जाळलेला कोळसा व तेल हें आहे, याविषयीं आतां शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाहीं. गुहेच्या दाराभोंवतीं पांढरें जाड कापड अंथरून उन्हाळ्यांत बर्फ झांकून ठेवतात. त्यानें एका जागेचें वितळणें मंदावतें. नदीचें मंदावत नाहीं. अखेर जिन्यालाहि हार मानावी लागली. २०२४ सालच्या फेब्रुवारींत जुन्या पाळण्यांच्या जागीं नवे पाळणे सुरू झाले. ते हिमनदीच्या वरच्या अंगाला, जेथें बर्फ अद्याप जाड आहे तेथें, उतरतात, आणि गुहाहि तिकडेच नेण्यांत आली. पूर्वीं बर्फ गांवाचा पाठलाग करीत होता. आतां गांव बर्फाचा पाठलाग करीत आहे.

स्वित्झर्लंडमध्यें, आलेच या आल्प्सच्या सर्वांत मोठ्या हिमनदीखालीं, फीश नांवाचें गांव आहे. तेथील लोकांनीं १६७८ सालीं एक नवस केला होता: आम्ही सदाचरणानें वागूं, प्रार्थना करूं, आणि देवानें हिमनदीला आमच्यावर येऊं देऊं नये. शामोनीच्या १६४४च्या मिरवणुकीचेंच हें भावंड. सव्वातीनशें वर्षें फीशकरांनीं तो नवस पाळला. मग २००९ सालीं त्यांनीं पोपकडे परवानगी मागितली, कीं आमची प्रार्थना आम्हांला बदलूं द्यावी. बर्फ मागें जावा म्हणून नव्हे, तर तो राहावा म्हणून आम्हांला प्रार्थना करावयाची आहे. ती परवानगी त्यांना मिळाली.

शामोनीनें अशी प्रार्थना केल्याचें प्रसिद्ध नाहीं. पण तिच्या जवळपासची एक गोष्ट हें गांव दरवर्षीं करीत आलें आहे. पूर्वजांनीं ज्या बर्फाला बिशप आणून परतविलें, त्याच बर्फाकडे त्यांचे वंशज हत्यारें घेऊन वर जातात आणि ही खोली फार दिवस टिकणार नाहीं हें ठाऊक असून ती काळजीपूर्वक कोरतात. मग दूरच्या देशांतून आलेल्या माणसांना ते आंत नेतात आणि भिंतीवर हात ठेवावयास सांगतात. त्या भिंतीचा बर्फ वरच्या शिखरांवर कित्येक पिढ्यांपूर्वीं हिम होऊन पडलेला असतो. हात ओला होतो, आणि तेवढा बर्फ कमी होतो.